बँजो उशिरा आला

अनघाचा फोन आला तेव्हा मी तिच्याच नवऱ्याला एक परीक्षण फॉरवर्ड करत होतो. आमच्या बँडच्या अल्बमवर एका नावाजलेल्या मासिकात भरभरून लिहून आलं होतं आणि त्यात मिलिंदच्या बँजोवर एक अख्खा परिच्छेद होता. फोन उचलून मी आधी तेच सांगायला लागलो. "अगं, वाचलंस का..." तिने मला मध्येच थांबवलं. मिलिंद सकाळी घराच्या जिन्यात कोसळला होता आणि हॉस्पिटलात पोचायच्या आतच गेला होता. मेसेज मात्र माझ्या हातून निघून गेला होता.

नागपूरचा माणूस आणि बँजो, हे ऐकून अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावातले मराठी लोक आधी हसायचे. ब्लूग्रास म्हणजे इथल्या डोंगराळ भागातलं संगीत. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि माझ्याकडे असतो तो माणसाएवढा उंच बेस. मिलिंदने कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून बँजो उचलला आणि आपल्या नादाने मलाही ओढलं. गणेशोत्सवात त्याने तो वाजवला तेव्हा एक काकू म्हणाल्या होत्या, "छान आहे हो, पण आरती होऊ दे ना आधी." हा किस्सा तोच सगळ्यांना रंगवून सांगायचा आणि पुढच्या वर्षी त्याच काकूंच्या नाकावर टिच्चून त्याने पुन्हा वाजवला. त्याला कशाची लाज म्हणून नव्हती.

अल्बम जुन्या पद्धतीने करायचा हा वेनचा हट्ट. वेन आमचा गायक, निवृत्त पोस्टमन. स्टुडिओच्या मधोमध एकच माइक आणि भोवती आम्ही पाच जण. ज्याची पाळी त्याने पुढे येऊन वाजवायचं, झालं की मागे सरायचं. लग्नात स्टेजवर फोटोला आलेली मंडळी एकमेकांना वाट देतात, तसं. नंतर कॉम्प्युटरवर जोडाजोड करायची नाही. चुकलं की अख्खं गाणं पुन्हा.

शेवटच्या संथ गाण्यात मिलिंद उशिरा आला. वेनची ओळ संपली, बँजोची पाळी आली आणि नुसता माझा बेस वाजत राहिला... आता गाणं मोडणार असं वाटत असतानाच बँजो आला. हळू, एकेक सूर. संपल्याबरोबर तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "सॉरी यार, लेट झालो. परत घेऊ."

"वेडा आहेस का? हाच टेक ठेवायचा!" मी म्हणालो. वेनला तर तो फारच आवडला होता.

"अबे, दम लागला होता मले," मिलिंद म्हणाला.

"मग रोज लागू दे!"

आम्ही दोघंही हसलो. हे मराठीत चाललं होतं, त्यामुळे बाकीच्यांना काहीच कळलं नाही. त्याला दम लागल्याचं त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी त्यावर विनोद केला.

परीक्षणातला तो परिच्छेद नेमका त्या थांबण्यावरच होता. लिहिणाऱ्याला त्यात संयम दिसला होता. अजून अभिनंदनाचे ईमेल येतात आणि प्रत्येक ईमेल वाचताना मला चोरासारखं वाटतं. त्या दिवशी मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं तर... हे 'तर' काही केल्या पाठ सोडत नाही.

तेराव्यानंतर अनघा मला घरी सोडायला निघाली. गाडीत तिने तेच गाणं लावलं. तो थांबला, मग बँजो आला, आणि तिने विचारलं, "तुझ्यासमोरच उभा होता ना तो? कसा दिसत होता रे तेव्हा?"

मला माहीत नव्हतं. वाजवताना मी डोळे मिटतो. खरं तर एका माइकवर वाजवताना एकमेकांवर नजर ठेवायची असते. वेन त्यावरून मला कितीदा ओरडलाय.

"हसत होता," मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

ते खोटं मनात ठेवून हे लिहायला काही जमेना. म्हणून परवा तिला फोन करून सगळं सांगितलं, दम लागल्याचं आणि माझ्या विनोदाचंसुद्धा.

"दम लागायचा ते मला काय माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मीच म्हणायचे, वजन कमी कर म्हणजे थांबेल. आणि तू डोळे मिटून वाजवतोस हे अख्ख्या पार्सिपनीला माहितीये."

मी सॉरी म्हणायला लागलो.

"ते राहू दे. तरी परत एकदा सांग ना..." ती म्हणाली, "हसत होता म्हणून."

मी सांगितलं.