शेठची तक्रार आणि आठवीची चाचणी

खून, दरोडे, घरफोड्यांच्या तपासात केस पांढरे झालेल्या माणसाला आठवीच्या गणिताची चाचणी आठवत राहावी, याचं माझ्या बायकोला फार हसू येतं. पण ती घटना आजही आठवते आणि कोलशेतच्या घरी गॅलरीत चहा पिताना मी एकटाच हसत बसतो.

तेव्हा मी डोंबिवली पश्चिमेला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गुरुवारची सकाळ होती. हजेरी आटोपली होती, रात्रपाळीवाले घरी निघाले होते आणि मी कालची स्टेशन डायरी वाचत होतो. तेवढ्यात कोपरच्या बाजूच्या एका शाळेचे अध्यक्ष तरातरा आत आले. ते तिथले मूळचे रहिवासी. वडील मिठागरात राबलेले. पुढे त्यांच्या जमिनीला भाव आला, तेव्हा यांनी त्यातल्या एका तुकड्यावर शाळा काढली. सगळे त्यांना शेठ म्हणत. माणूस सरळ, पण नाकावर राग.

“साहेब, गुन्हा नोंदवा,” बसायच्या आधीच ते म्हणाले. “आनि कोनी पन असू दे, सोरू नका!”

प्रकरण असं होतं. पालकांना सूचना पाठवायला शाळेचं एक अ‍ॅप होतं. बुधवारी संध्याकाळी त्यावरून आठवीच्या सगळ्या पालकांना निरोप गेला, की ‘काही अपरिहार्य कारणास्तव शनिवारची गणिताची चाचणी पुढील शनिवारी घेण्यात येईल.’ शाळेने असं काही ठरवलंच नव्हतं. आणि नेमक्या त्या शनिवारी शेठच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं.

“अख्खा गाव हसतंय, साहेब! बोलतान, शेठच्या घरान लगीन, म्हनून पोरांची परीक्षा पुढं. अहो, माझी नात आठवीत हाय. तिला मी सोताहून सांगलाय, आधी पेपर दे, मंग मांडवान ये. आनि नाव माझाच खराब!”

त्यांचा संशय कॉम्प्युटरच्या मॅडमवर होता. संशय कसला, खात्रीच. निरोप मॅडमच्या लॉगिनवरून गेला होता. मॅडम तीन वर्षं कंत्राटावर होत्या आणि त्यांना कायम करण्याची फाईल शेठपुढेच पडून होती. शेठना खूश करायला बाईंनी हा उद्योग केला, असा त्यांचा हिशेब. “उद्यापासून येऊ नका” असं त्यांनी तोंडी सांगूनही टाकलं होतं. लेखी आदेश शुक्रवारी दुपारी निघणार होता.

मी अर्ज चौकशीवर घेतला, आवक क्रमांक टाकला आणि महिला हवालदारांना घेऊन दुपारी शाळेत गेलो. मॅडमना तिथेच बोलावून घेतलं. पस्तिशीच्या असतील. डोळे रडून सुजलेले, पण जबाब देताना आवाज हलला नाही. पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता, असं विचारल्यावर म्हणाल्या, “ऑफिसात आम्हा तिघांना. मी, क्लार्क आणि मुख्याध्यापिका. पण त्या दोघांनी असं काही केलं नसणार, सर.”

माझा नोकरीभरचा अनुभव सांगतो. दोषी माणूस दुसऱ्याचं नाव लगेच पुढे सरकवतो. इथे बाईंची नोकरी चालली होती आणि त्या उरलेल्या दोघांना वाचवत होत्या. मला बाई निर्दोष वाटल्या. पण ‘वाटलं’ हा शब्द केस डायरीत चालत नाही.

वाट सापडली ती शेठमुळेच. आपली शाळा किती पुढारलेली आहे हे मला पटवण्यासाठी त्यांनी मोबाईल काढला. “ह्यो बघा, साहेब. दसऱ्याला आमी कॉम्प्युटरची पन पूजा करताव.” फोटोत शेठ नारळ घेऊन ऐटीत उभे. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू. आणि पुढ्यात संगणक कक्षाची नोंदवही. पूजेला वहीचं पहिलं पान उघडतात, त्यावर ‘श्री’ काढतात, तसं रीतसर उघडलेलं. मी फोटो बोटांनी मोठा केला. ‘श्री’च्या खाली, ठळक निळ्या शाईत, लॉगिन आणि पासवर्ड. त्याला कुंकवाचं बोटही लावलेलं होतं.

“शेठ, हा फोटो कुठे कुठे गेला?”

“सगल्या वर्गांच्या ग्रुपवर. मीच टाकला.”

माझ्याबरोबरच्या हवालदारबाई खिडकीकडे तोंड करून खोकायला लागल्या. म्हणजे दसऱ्यापासून गावातल्या प्रत्येक घरात शाळेची किल्ली पोचली होती, तीही हळदकुंकू लावून.

कसं झालं ते कळलं. कोणी केलं, ते कळायचं होतं. अ‍ॅपच्या कंपनीला पत्र लिहिलं, पण उत्तर यायला आठवडा लागणार आणि बाईंच्या हातात एक दिवस. विचार करत ठाण्यात परतलो, तर ठाणे अंमलदारांनी सहीला कागद ठेवलेले. वरचाच कागद ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा. अर्जदार शेठ. शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न. सही करता करता माझं पेन थांबलं. शनिवारी पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांच्याच चाचण्या होत्या. पुढे ढकलली होती ती फक्त आठवीची. म्हणजे हात आठवीतल्याच कोणाचा तरी.

शुक्रवारी सकाळी साध्या कपड्यांत आठवीच्या वर्गात गेलो. लहान मुलांशी बोलायचं तर गणवेश नको, दरडावणी नको आणि घरचं किंवा शाळेचं माणूस समोर हवं. म्हणून मुख्याध्यापिका होत्या आणि शेठनाही मुद्दाम मागच्या बाकावर बसवलं. बाक लहान, शेठ मोठे. मुलं सारखी वळून बघत होती.

मी विचारलं, “शाळेच्या अ‍ॅपचा पासवर्ड कोणी कोणी पाहिलाय?”

अख्ख्या वर्गाने हात वर केले.

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून, सर!”

“मग कोणी सांगितलं का नाही?”

एक चष्मेवाला मुलगा उठला. “सर, शाळेनेच टाकलेला ना ग्रुपवर. आम्हाला वाटलं, सगळ्यांसाठी आहे.”

वर्ग खदाखदा हसला. मलाही हसू आवरेना. हसणं थांबल्यावर मी शांतपणे म्हणालो, “तो निरोप कोणी पाठवला, ते मी विचारत नाही. फक्त एवढंच सांगतो, की त्याच्यापायी तुमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमना आज कामावरून काढणार आहेत.”

पोरांना हे ठाऊकच नव्हतं. मॅडम रजेवर आहेत, असं त्यांना वाटत होतं. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी.

“मी केलं, सर. मॅडमना नका ना काढू. त्यांनी काहीच नाय केलं.” आणि ती रडू लागली. “आत्याच्या लग्नात मला सकाळपासून थांबायचं होतं. आजोबा ऐकतच नव्हते.”

मागच्या बाकावर शेठ उभे राहायला गेले आणि अडकले. तसेच अर्धवट वाकून म्हणाले, “अगो, तू?”

अर्ध्या तासाने ऑफिसात आम्ही पाच जण बसलो होतो. शेठ, नात, मॅडम, मुख्याध्यापिका आणि मी. शेठ म्हणाले, “साहेब, तक्रार फारून टाका.”

“अर्जाला आवक क्रमांक पडलाय, शेठ. तो फाडता येत नाही, निकाली काढावा लागतो. आणि आता तक्रार तुमची राहिली नाही. लॉगिन बाईंचं, नाव बाईंचं खराब झालं. तक्रार करायची की नाही, ते त्या ठरवतील.”

शेठनी मॅडमकडे पाहिलं. वर्षानुवर्षं लोकांनी ज्याच्यापुढे उभं राहावं, तो माणूस उठून उभा राहिला आणि हात जोडले. “मॅडम, माझा चुकला. न बघता तुमाला दोषी ठरवला. पोरीला काय बोलायचा तो बोला. पन पोलिसात नको.”

“माझी तक्रार आहे, शेठ,” मॅडम म्हणाल्या. मीसुद्धा जरा सावरून बसलो. “पासवर्ड वहीत लिहिला, ती चूक माझी. पण मी नसले की क्लार्कने माझं लॉगिन वापरायचं, क्लार्क नसला की मुख्याध्यापिका बाईंनी, ही रीत शाळेची. कोणी काय केलं ते कळणार कसं? मला लेखी नियम हवेत. प्रत्येकाला वेगळं लॉगिन हवं. नियम मुलांनाही, आम्हालाही आणि तुम्हालाही.”

“मना पन?”

“फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी कोणाला तरी दाखवायचा.”

शेठ आधी हसले, मग मुख्याध्यापिका आणि शेवटी डोळे पुसत ती पोरगी. मॅडम तिच्याकडे वळल्या. “आणि चाचणी उद्याच आहे. सकाळी आठला.”

नियम त्याच दुपारी फळ्यावर उतरले. शिक्षकांनी मुलांसाठी लिहिलं, की दुसऱ्याच्या नावाने काही पाठवू नये, आणि कोणाचा पासवर्ड दिसला तर त्याच दिवशी येऊन सांगावं. मुलांनी शिक्षकांसाठी लिहिलं, की आमचे मार्क ग्रुपवर टाकू नयेत, न विचारता फोटो काढू नयेत आणि तास चालू असताना रील बघू नयेत. शेवटच्या नियमावर इतक्या टाळ्या पडल्या, की दोन सर छताकडे बघू लागले.

मी ठाण्यात परतलो आणि पहिलं काम काय केलं असेल? आमच्या कॉम्प्युटरच्या कडेला एका हवालदाराने चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी माझ्या हाताने काढली. मग आमच्या शस्त्रपूजनाचे फोटोही एकेक करून तपासले.

त्या केसने मला काय शिकवलं, असं निवृत्तीनंतरच्या माझ्या व्याख्यानांत लोक विचारतात. नियम लिहिलेले नसले की संशय आधी ज्याची नोकरी कच्ची, त्याच्यावर जातो. माझाही कदाचित गेला असता, बाईंनी त्या दोघांची नावं वाचवली नसती तर. आणि मुलांना धमकी देऊन जे कळत नाही, ते त्यांच्या आवडत्या माणसाचं नुकसान दाखवलं की कळतं. पोरं वाईट नसतात, त्यांना परिणाम दिसत नाही इतकंच.

शनिवारी लग्नाच्या वाहतुकीचा बंदोबस्त बघायला मी त्याच रस्त्यावर होतो. साडेनऊच्या सुमाराला शाळेच्या फाटकाबाहेर शेठ दिसले. डोक्यावर फेटा, कपाळाला टिळा, अंगावर नवा सदरा. मांडवातून फोनवर फोन येत होते आणि हे म्हणत होते, “थांबा, आमचा पेपर चाललाय.” घंटा झाली. मेंदीचे हात हलवत नात धावत आली आणि थेट गाडीत जाऊन बसली. तिच्यामागून, वर्गावर देखरेखीला असलेल्या मॅडम उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या.

शेठ पुढे झाले. “मॅडम, आमच्या पोरीचा पेपर कसा गेला?”

“सोमवारी कळेल, शेठ,” मॅडम म्हणाल्या. “सगळ्या पालकांना एकदमच. माझ्या लॉगिनवरून.”