सोनेरी काठाची फ्रेंच बशी

जुन्या फ्रेंच बशा दिसल्या की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. अकोल्याच्या एका जुन्या सामानवाल्याकडे पहिली बशी सापडली, तेव्हा उलटी करून मागचा हिरवा शिक्का वाचला आणि मी दुकानातच ओरडले, "लिमोज!" लिमोज म्हणजे फ्रान्समधल्या चिनीमातीचं माहेरघर, पण त्या बिचाऱ्याला वाटलं, मला विंचू चावला. बशी उजेडात धरली तर पलीकडून माझ्या बोटांची सावली दिसत होती. इतकी पातळ, आणि इतकी वर्षं फुटली नाही!

मग नादच लागला. अमरावतीला घरी नवी बशी आली की नवरा विचारायचा, "आता इच्यात जेवाचं का इले पुजाचं?" जेवायचं! कपाटात कोंडायला का आणल्या? खोलगट बशीत बेसनाच्या पातोडीचा रस्सा, शेजारच्या इवल्या बशीत ठेचा. फ्रेंच गुलाबांवर लाल तर्री चढली की मला टाळ्या पिटाव्याशा वाटतात.

फक्त बाबा या बशांत जेवत नसत. अकोल्याहून आले की स्टीलचं ताट मागत. कारण मला माहीत होतं. भातकुलीजवळच्या त्यांच्या गावात आजोबा ज्या घरी मजुरीला जात, तिथे आमच्या जातीच्या माणसांसाठी चिनीमातीची एक कानतुटकी कपबशी गोठ्याच्या वळचणीला वेगळी ठेवलेली असे. लहानपणी बाबा तिच्यातून चहा प्यायले होते. नोकरी लागल्यावर त्यांनी घरात चिनीमाती येऊच दिली नाही. आणि त्यांचीच पोरगी असल्या बशांच्या मागे वेडी! ते कधी बोलले नाहीत. पण एकदा तरी त्यांनी माझ्या बशीत जेवावं, असं मला फार फार वाटायचं.

यंदा स्वतःच्या वाढदिवसाला बाबा आमच्याकडे आले आणि आपणहून म्हणाले, "आज तुह्या बशीत जेवतो." मी हवेतच! आईबाबा, आम्ही दोघं, दोन मुली, माणसं सहा. गुलाबांच्या एकसारख्या बशा पाचच. मग बाबांच्या जागी मी माझी सगळ्यात भारी बशी मांडली, निळी, सोनेरी काठाची. मान म्हणून.

बाबा खुर्चीमागे येऊन उभे राहिले. टेबलावरून एकदा नजर फिरवली.

"माही येगळी काहून वं?"

सगळं माहीत असून मी नेमकं तेच करून बसले होते.

"थांबा बाबा!" म्हणत मी कपाट सताड उघडलं. चार गुलाब आत गेले आणि सुट्या, एकेकट्या बशा बाहेर आल्या. पाखरांची, द्राक्षांची, हिरव्या काठाची, आणखी एक साधी पांढरी. मुली धावल्या, नवऱ्याने चमचे बाजूला सरकवले. रस्सा निवत होता, निवू दे! दोन मिनिटांत टेबलावर कोणाचीच बशी कोणासारखी नव्हती.

"आता तुमीच निवडा," मी म्हणाले. मला धाप लागली होती.

बाबांनी एकेक बशी निरखून पाहिली. सोनेरी काठाची उचलून धाकट्या नातीपुढे ठेवली. स्वतः पाखरांच्या बशीपुढे बसले, भाकर कुस्करली आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"टाक रस्सा. पाखरं बुडाले पायजे."