दारावरचं काजळलेलं घड्याळ

आमच्या छोट्या संग्रहालयाच्या शिपायाला सगळे किल्लीकाका म्हणायचे. दर सोमवारी ते जुन्या घड्याळांना किल्ली द्यायचे आणि एकूण एक वस्तू पुसायचे. फक्त दारावरचं गिरणीचं घड्याळ तेवढं काळंकुट्ट. तिकीट खिडकीतून मी किती बोलले असेन त्यांना! त्याला हात लावायचा नाही, एवढंच ते म्हणायचे. मला वाटायचं, शिडी चढायचा कंटाळा.

गिरणी जळाली त्या दिवशी ते घड्याळ बंद पडलं. खाली पाटी होती : चार वाजून दहा मिनिटं. चारला पाळी बदलायची, म्हणून सगळं खापर दुसऱ्या पाळीच्या बॉयलरवाल्यावर फुटलं होतं. तो केव्हाच वारला होता. पण आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख साहेबांनी गिरणीवर पुस्तिका लिहिली होती, तीत त्याचं नाव होतं, आणि ती उद्या छापायला जायची होती.

त्या सकाळी त्याची मुलगी आली. पन्नाशी उलटलेली, शांत बाई. आग लागली तेव्हा बाबा कामावर पोचलेच नव्हते, धूर त्यांनी वाटेतूनच पाहिला, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. साहेबांनी वर बोट दाखवलं.

"बाई, माणसं विसरतात. घड्याळ कशाला खोटं बोलेल?"

काका हातात फडकं घेऊन शिडीला धरून उभे होते. चेहरा पांढराफटक. त्यांच्या पेन्शनला आठ महिने उरले होते. चक्कर येतेय वाटून मी पाणी आणायला उठले.

"खोटं मी बोललो, साहेब," ते म्हणाले.

बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच सोमवारी त्यांनी बाकीच्यांबरोबर त्या घड्याळालाही किल्ली दिली होती, आणि ते मेलं चालूच झालं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काटे कुठे होते ते काही केल्या आठवेना. आग चारनंतर लागली असं लोक म्हणत, म्हणून त्यांनी चार दहावर थांबवलं. साहेबांना तीच वेळ सांगितली आणि पाटी लागली.

ते शिडी चढले. मी शिडी गच्च धरली. घड्याळ टेबलावर आलं, काच उघडली. तबकडी धुराने काळी झाली होती, पण तेव्हा काट्यांखाली झाकलेली जागा गोरी राहिली होती. दोन बारीक रेघा. चारला दहा कमी. एकदा फडकं फिरवलं असतं तर दोन्ही गेल्या असत्या.

"हे तुम्हाला कधी दिसलं?" बाईंनी विचारलं.

"पुढच्याच सोमवारी. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. पुसायचं मात्र धाडस झालं नाही."

मला त्यांचा संताप आला आणि त्यांच्याकडे बघवेनाही. साहेबांनी पुस्तिकेचे कागद उलटे करून ठेवले. बाईंचं बोट तबकडीला न टेकता रेघांवरून फिरत होतं.

"आई मागच्या वर्षी गेली," त्या म्हणाल्या. "चार वाजले नव्हते, असं शेवटपर्यंत सांगत होती. आम्हीही ऐकेनासे झालो होतो."

फडकं अजून काकांच्या हातातच होतं.