३१४२ नंबरचा डबा

लोणावळ्याच्या बाजारात हौशीराम लोहाराला न ओळखणारा मोटारवाला तेव्हा शोधून सापडला नसता. वडिवळ्यात विळे-कोयते घडवणारा हा गडी इथे येऊन मोटारींचे सायलेन्सर बनवायला लागला. सायलेन्सर म्हणजे धुराचा आवाज दाबणारा पत्र्याचा डबा. घाट चढताना तो फाटला, की गाडी अशी भडभडायची की खंडाळ्याच्या बंगल्यांतल्या बाया कानांवर हात ठेवायच्या. हौशीराम गाडीखाली शिरायचा, वितीने माप घ्यायचा आणि डांबराच्या पिंपाचा पत्रा वळवून डबा ठोकून द्यायचा. "भाऊ, हात हाय का काय हाय!" असं ड्रायव्हर म्हणाले, की गड्याला त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जायच्या.

मग चौकात युनूसने मोटारीच्या सामानाचं दुकान टाकलं आणि ह्या सुखाला दृष्ट लागली. युनूसकडे मुंबईच्या कारखान्यातले तयार डबे, आणि प्रत्येकावर ठोकलेला नंबर. ड्रायव्हर यायचा, "३१४२ द्या" म्हणायचा, डबा काखेत मारून चालता व्हायचा. हौशीरामचा नुसता तिळपापड! "नंबर म्हनं! बैलाला डागल्यावानी आकडं ठोकायचं आन शानपत्ती करायची." बायको बयाबाई एकदा भोळेपणाने बोलून गेली, की युनूसभाईचं दुकान कसं लख्ख असतं. झालं! पुढे कितीतरी दिवस हौशीरामला तिच्या कालवणात मीठच कमी लागत होतं.

लढाई पेटली, मुंबईचा माल यायचा थांबला आणि युनूसची फळी रिकामी झाली. हौशीरामला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला. पण मेली गिऱ्हाइकं तरी परत यावीत ना! "नंबरचा आला की घेऊ," म्हणत ती भडभडत्या गाड्या तशाच हाकत राहिली. भट्टी थंड पडली.

एके सकाळी युनूस स्वतःच भट्टीवर आला. "हौशीभाऊ, डबे तुम्ही बनवा, मी विकतो."

"आन हे आकडं?"

युनूस जुना डबा पुढ्यात घेऊन उकिडवा बसला. "पहिले दोन आकडे गाडीचे. एकतीस म्हणजे ही अमकी फोर्ड. चार म्हणजे नळी किती जाड. शेवटचा आकडा बाजूचा. एक असला तर नळी डावीकडून निघते, दोन असला तर उजवीकडून. हा फोर्डवाल्यांचा नंबर नाही हं, त्यांचा वेगळा असतो. हा डबेवाल्याचा. नंबर जुळला, की डबा बसलाच पाहिजे."

हौशीरामला ते चटकन समजलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. एवढीशी गोष्ट, आणि ती आधी ह्याला कळावी? पण चूल पेटायची होती. तो हो म्हणाला. मापं नेमकी मिळाल्यावर त्याच्या हातून असे डबे उतरले, जसे आजवर कधी उतरले नव्हते. नंबरही हौशीरामच ठोकायचा. डबा कुणी बनवला, हे युनूस काही लपवत नव्हता. पण विचारतो कोण? लोक नंबर बघायचे आणि न्यायचे.

खंडाळ्याच्या एका शेठचा ड्रायव्हर सोपान एकदा भट्टीसमोर गाडी चालूच ठेवून उतरला. "ऐका भाऊ, युनूसचा डबा! मांजर गुरगुरल्यावानी. तुमच्या डब्यांना असा सूर कदी लागला न्हाई."

"आरं, त्यो मीच बनवलाय!"

सोपान पोट धरून हसला. "तुमी? मंग त्याच्यावर नंबर कसा?"

हौशीरामच्या अंगाची लाहीलाही झाली. पोर माझं, आन नाव लागावं युनूसचं! पुढच्या डब्यावर ३१४२ ठोकून झाल्यावर त्याने पुढे ठसठशीत 'ह' कोरला. हौशीरामचा ह. काय दिमाख होता त्या दिवशी त्याचा!

तो डबा युनूस परत घेऊन आला. "सोपानला शेठच्या दुसऱ्या गाडीला हवा होता. अक्षर बघून म्हणाला, नकली माल नको. मी सांगितलं, अरे, हा हौशीभाऊंचा आहे. तर म्हणाला, म्हणूनच नको." युनूस ओशाळला होता. "तुमचं नाव ठेवायचं तर ठेवा, भाऊ. माझी ना नाही. खपेल तेव्हा खपेल."

ओशाळण्याऐवजी युनूस हसला असता, तर हौशीरामने त्याला हातोडा दाखवला असता. तेवढंही सुख मिळालं नाही. मग त्याने कानस घेतली, 'ह' घासून काढला, वर काळा रंग फासला आणि डबा युनूसकडे पाठवून दिला.

संध्याकाळी शेठची दुसरी गाडी घेऊन सोपान पुन्हा भट्टीसमोर थांबला. "बघा भाऊ, आला अखेर असली! ह्यो असा जमंल का वो तुमाला?"

हौशीरामने आवाज ऐकला. सुरेख लागला होता. जळून जळून जळायचं तरी कुणावर?

"न्हाई बा," तो म्हणाला. "आपल्याला न्हाई जमायचा. त्यो युनूसकडंच मिळतो."