हॉस्पिटलच्या बाकावरचं गाऱ्हाणं

हे गेल्यापासून माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. दिवा लावायचे, पण मागत काही नव्हते. ह्यांना बायपास सांगितली होती. सरकारी योजनेत ती फुकट झाली असती, पण मुलाच्या पगारामुळे आमचं रेशनकार्ड पांढरं, म्हणून आम्ही त्यात बसत नव्हतो. तो पगार घराच्या हप्त्यांत संपायचा, हे कार्डाच्या रंगाला कुठून कळणार? "गणपती होऊ देत, मग बघू," असं हे म्हणत राहिले आणि गणपतीआधीच गेले. मग नियम बदलला. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, कमाई न बघता, योजना लागू झाली. अपंगांसाठीही अटी सैल झाल्या. लालबागच्या आमच्या चाळीत लोक आनंदाने एकमेकांना सांगत होते. मी दार लावून घेतलं. बैल गेला नि झोपा केलास, असं देवाला तोंडावर ऐकवलं. त्या दिवसांत त्याच्याशी बोलले ते एवढंच.

पुढे माझ्याच हृदयाची झडप बिघडली. मीही सत्तरी ओलांडलेली, म्हणून सुनेने हट्टाने माझं योजनेचं कार्ड काढलं. परळच्या एका हॉस्पिटलात दाखल व्हायला आम्ही गेलो, ती कागद दाखवायला खिडकीशी गेली आणि बाकावर बसल्या बसल्या माझा धीर सुटला. जे ह्यांना मिळालं नाही ते मी कोणत्या तोंडाने घेऊ? नको ते ऑपरेशन, असं मालवणीत पुटपुटत मी पिशवी उचलली. शेजारी कुबड्या घेऊन एक माणूस बसला होता, खुब्याच्या ऑपरेशनसाठी आलेला. म्हणाला, "काकी, गाऱ्हाणा न घालताच चललास?"

आमच्या कोकणात मोठ्या कामाआधी देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, बाकीचे होकार देतात. आमच्या घरात ते काम ह्यांचं. मी म्हटलं, "घालणारो गेलो माझो." आणि का निघाले तेही त्याला सांगून टाकलं.

तो कुबड्यांवर उभा राहिला. हात जोडता येईनात, म्हणून नुसती मान झुकवली. "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेक रागावली हा. तिच्या घोवाक तुजी मदत पोचली नाय. तिचो राग खरो आसा, तो पदरात घे. आनी तिका सुखरूप घराक धाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाकावरचे दोघंतिघं म्हणाले. मालवणी न येणारी एक कोळीण मावशीही म्हणाली. मग माझ्याही तोंडून ते निघालं, आणि मी पदर डोळ्यांना लावून रडले. सून परत आली तेव्हा मी पिशवी तिच्या हातात दिली.

ऑपरेशन नीट झालं. त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही, याची चुटपुट आहे. त्याला कोणी पाठवलं, याचा खल मी करत नाही. शरण जायचं म्हणजे तक्रार गिळायची, असं मला वाटायचं. आता तक्रारीसकट देवापुढे बसते. दम न लागता जिना चढले की त्याचे आभार मानते, आणि लगेच विचारते, ह्यांना का नाही? तो उत्तर देत नाही. मीही उठून जात नाही.