मिस्त्रीचे वीस किलो

सराव केंद्रातल्या मिस्त्रीला सगळे पाठीमागे 'वीस किलो' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. रोज सकाळी साडेसातला झाडूवाली बाहेर पडली की हा चाचणीच्या खोलीत शिरायचा, तिथल्या जागेवर घट्ट बसवलेल्या सायकलचं पेडल आडवं करायचा, त्याला लोखंडी वजन टांगायचा आणि यंत्राला सांगायचा, हे वीस किलो. सायकलच्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्याला जोडतात त्या दांड्यात, एक मापक होतं. पायांचा जोर ते वॅटमध्ये मोजायचं. वीस म्हणजे किती हे मापकाला मिस्त्री शिकवायचा, आणि मग दिवसभर तेच मापक पोरापोरींची लायकी ठरवायचं. कामात चोख माणूस, त्यात वाद नाही. पण चोखपणाचा एवढा माज? देव करो आणि कोणाच्या वाट्याला न येवो.

चाचणी वीस मिनिटांची. जीव तोडून पाय मारायचे आणि सरासरी किती वॅट निघाले ते बघायचं. संघात घ्यायचं की घरी पाठवायचं, सगळं त्या एका आकड्यावर. पोरगं उतरून अजून धापा टाकतंय, धड उभंही राहता येत नाहीये, तेवढ्यात हा पडद्यावरचा आकडा खणखणीत आवाजात वाचणार. कमी पडला असेल तर वर शेरा मारणारच, की पुढच्या जन्मी बघू. किती जण त्या खोलीतून डोळे पुसत गेले त्याची गणतीच नाही. मिस्त्रीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आकडा काय मी काढला, असं त्याचं म्हणणं.

त्यात त्याचा सख्खा धाकटा भाऊही होता. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भावाला व्यावसायिक सायकलपटू व्हायचं होतं आणि हवे होते चारशे वॅट. यंत्राने दाखवले तीनशे अठ्ठ्याऐंशी. भाऊ म्हणाला, दादा, एकदा यंत्र तपास, रस्त्यावर मला याहून जास्त जोर जाणवतो. मोठ्या भावाने काय करावं? निदान बाजूला घेऊन समजवावं. याने भरल्या खोलीत सगळ्यांसमोर सुनावलं, "यंत्र खरं आहे. तुझे पाय खोटे आहेत."

भावाने त्या दिवशी सायकल विकून टाकली. आता तो माल पोचवायची गाडी चालवतो. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद. वडील गेले तेव्हासुद्धा एकमेकांचे निरोप बायकांकडून गेले.

आणि शुक्रवारी सकाळी तीच माल पोचवायची गाडी केंद्राच्या दारात उभी राहिली. भावाची लेक चाचणीला आली होती. पोरगी लांब पल्ल्याची ट्रायथलॉनपटू. आधी जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, आणि वर बेचाळीस किलोमीटर धावायचं, असला जिवावरचा खेळ. सायकलवर भल्याभल्यांना मागे टाकते म्हणून एका व्यावसायिक सायकल संघाने तिला विचारलं होतं. जागा एकच. अट साधी, याच केंद्रातल्या याच यंत्रावर वीस मिनिटांत सरासरी दोनशे ऐंशी वॅट. पोरीचं वय एकोणतीस. असं बोलावणं पुन्हा येणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या तिच्या बापाला तर जास्तच.

मिस्त्रीने भावाकडे बघितलंही नाही. पुतणीला मात्र सोडलं नाही. ट्रायथलॉनवाले सायकलवर खुर्चीत बसल्यासारखे बसतात, असं त्याने केंद्राच्या प्रशिक्षकाला ऐकवलं. शर्यतीतल्या सायकलपटूचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो, आत्ता दीडशे वॅट तर दहा सेकंदांत नऊशे, कोणी पुढे सटकला की जीव काढून मागे लागायचं. यांचं म्हणजे पाच तास एकच सूर. त्यात सायकलिंग कसलं, हे तर दळण.

पुतणीने उलट उत्तर दिलं नाही. तिने स्वतःची पेडलं पिशवीतून काढून केंद्राच्या सायकलला लावली. जोर मोजायची सोय त्या पेडलांतही होती, आकडा हँडलला अडकवलेल्या तिच्या छोट्या पडद्यावर यायचा. प्रशिक्षकाची हरकत नव्हती, निर्णय शेवटी केंद्राच्याच आकड्यावर होणार होता.

वीस मिनिटं पोरगी हलली नाही. खांदे स्थिर, मान स्थिर, खाली फक्त पाय. पडद्यावरची रेघ पट्टीने ओढावी तशी सरळ. शेवटच्या तीन मिनिटांत तिच्या तोंडाला फेस आला तरी रेघ खाली आली नाही. मग घंटी वाजली आणि मिस्त्रीने आकडा वाचला.

"दोनशे एकाहत्तर."

नऊ कमी. प्रशिक्षकाने मान हलवली. पोरीने हँडलवर डोकं टेकलं. आणि बावीस वर्षांनी भावाने या खोलीत तोंड उघडलं. तो म्हणाला, तिच्या पेडलांनी दोनशे पंच्याऐंशी दाखवलेत, तेही बघा.

झालं. मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच्या यंत्रावर शंका, आणि तीही याने घ्यावी! पेडलांत काहीतरी गडबड करून आणलीय याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र संशय उरला नाही. आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर दाखवतो म्हणाला. पुतणीला खाली उतरवून त्याने पेडल आडवं केलं, आपलं लोखंडी वजन साखळीने त्याला टांगलं आणि तिच्या छोट्या पडद्यावरचा आकडा बघून चक्क हसला. एकवीस.

"बघा सर, टांगले वीस आणि दाखवतंय एकवीस. बापाला पाय नव्हते, लेकीला खोटी पेडलं लागली."

भाऊ दातओठ खात पुढे आला. पोरीने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. तिची नजर वजनावर होती. तिने अगदी हळू विचारलं, "काका, साखळी मोजलीत का?"

मिस्त्रीने वाकून साखळीला हात लावला.

लोखंडी वजन त्याने मोजलं होतं, एकदा नाही दहादा, तीन वेगवेगळ्या काट्यांवर. पूर्वी ते तो बारीक दोरीने टांगायचा. दोरीला कसलं वजन? एक दिवस ती तुटली, वजन अंगठ्यावर आलं आणि नख गेलं. त्याच संध्याकाळी त्याने हार्डवेअरच्या दुकानातून दोन्ही टोकांना हूक असलेली जाड साखळी आणली. दोरी गेली, साखळी आली, यंत्राला मात्र तो वीसच सांगत राहिला. एवढा चोख माणूस, पण साखळीचंही वजन असतं हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

पोरांचं खाणं मोजायचा काटा प्रशिक्षकाने स्वयंपाकघरातून मागवला. साखळी भरली एक किलो वीस ग्रॅम. म्हणजे रोज टांगले जात होते एकवीस किलो आणि यंत्र शिकत होतं वीस. प्रत्येकाच्या जोरातला एकविसातला एक वाटा ते यंत्र बिनबोभाट गिळत होतं.

प्रशिक्षक व्यवहारी माणूस. त्याने मिस्त्रीकडून यंत्र तिथेच दुरुस्त करून घेतलं, गणित पुन्हा केलं आणि दोनशे पंच्याऐंशीचा कागद तयार केला. पोरगी संघात. खालच्या आवाजात त्याने एवढंच सांगितलं की ही गोष्ट या खोलीबाहेर जायला नको, उगाच जुनी भुतं उठतील.

भावाला ते ऐकू गेलं. तो मिस्त्रीसमोर येऊन उभा राहिला.

"साखळी कधी आणलीस, दादा?"

मिस्त्रीला तारीख पाठ होती. अंगठ्याला पट्टी बांधून तो भावाच्या चाचणीला उभा होता. चाचणीच्या आधीच्या पंधरवड्यात आणली, असं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं.

"मग माझा आकडा सांग. मोठ्याने वाच, नेहमी वाचतोस तसा."

आकडेमोडीला त्याला कागद लागत नसे. पोरीने मान खाली घातली, प्रशिक्षक खिडकीकडे वळला.

"चारशे सात," मिस्त्री म्हणाला. आवाज पुटपुटल्यासारखा आला. मग घाईघाईने म्हणाला, "मी मुद्दाम नाही रे केलं."

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं," भाऊ म्हणाला. "भाऊ वाईट आहे म्हणून सोडून दिलं असतं आणि दुसरीकडे जाऊन चाचणी दिली असती. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत होतं, दादा. म्हणून मी सायकल विकली."

मिस्त्री पुतणीची पेडलं काढून द्यायला पाना घेऊन वाकला. ते त्याचं कामच होतं. भावाने त्याच्या हातातून पाना काढून घेतला, लेकीच्या हातात दिला आणि ती पेडलं सोडवेपर्यंत दोघा भावांच्या मध्ये उभ्या असलेल्या सायकलचा क्रँक फिरू नये म्हणून स्वतः धरून ठेवला.