गायरान आणि बर्फ

आमच्या लोह्याकडच्या गावात गायरान बळकावायची एक रीत आहे. आधी कोपऱ्यात उकिरडा टाकायचा. कुणी हटकलं नाही की कडब्याची गंजी रचायची. मग पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये बाज टाकून घरातलं एखादं माणूस झोपायला ठेवायचं. माणूस बसलं की ताबा पक्का. आमची शेडही तशीच उभी राहिलीय. तिथं माझे चुलते झोपायचे.

त्यामुळे चीननं दक्षिण ध्रुवाकडे आणखी एक संशोधन केंद्र बांधल्याची बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा मी भडकलोच. "संशोधन म्हणं! शेड मारून राहिलेत, दुसरं काय? बर्फाखाली तेल नाहीतर कोळसा असणार."

माझी लेक सुट्टीवर आली होती. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन ती पुण्याला नोकरीला लागलेली. ती म्हणाली, "अण्णा, आपलं बी केंद्र हाय की तिथं."

"आपलं कशाला?"

"अभ्यासाला."

"जमीन कुणाची?"

"कुणाचीच न्हाई."

कुणाचीच नाही म्हणजे गायरानच. मी बायकोकडे पाहिलं, तर ती शेंगा फोडता फोडता थांबली होती. मायलेकींचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं. मग लेकीनं सांगितलं, त्या केंद्रातली यंत्रं सांभाळायला तिची निवड झालीय. वर्षभर राहायचं. हिवाळ्यात तिथं ना जहाज येतं, ना विमान.

माझा पारा चढला. "अगं, ताबा दाखवायला माणूस लागतंय, म्हणून नेऊन राहिलेत तुला! शेडमध्ये माझ्या काकाला बसवलं तसं. आजारी पडलीस तर कोण येईल?"

"डॉक्टर असतो तिथं."

"पण तुलाच का धरलं त्यांनी? यात काहीतरी काळंबेरं हाय."

"मला कुणी धरलं न्हाई, अण्णा," ती शांतपणे म्हणाली. "मीच अर्ज केला. गेल्या साली घेतलं न्हाई, म्हणून यंदा पुन्हा केला."

चीनवर, सरकारवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. हे मात्र डोक्यातही आलं नव्हतं. गेल्या साली मी तिच्यासाठी उदगीरचं स्थळ बघत होतो. पाहुण्यांना ती हसून चहा देत होती, तेव्हाही तिच्या मनात हेच चाललं होतं.

"जा," मी म्हणालो. तिच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. आमच्यापासून इतकं लांब तुला का जायचंय, असं विचारणार होतो. पण ती खरं सांगेल, याची मला भीती वाटली.